शनिवारचं घर

येडशी,
सोमवार, २ डिसेंबर २०२४

ती. मामा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. ज्वारी गुडघ्याएवढी झाली. थंडी पडू लागली आहे. पिंपरीत उत्कर्ष भावजींच्या घरात ऊन येतं का? गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

आता मुख्य बातमी. डबा कुठंही जात नाही. तुमचं रेल्वे संग्रहालय येडशीतच राहणार.

पत्र इथंच थांबवता येईल, पण तुम्ही गार्ड होता. गाडी पोचली एवढ्यावर तुमचं समाधान व्हायचं नाही. मधली स्टेशनं सांगते.

मालधक्क्याच्या शेडमधल्या संग्रहालयाला कुलूप लावून पिंपरीला गेलात तेव्हा तुम्ही म्हणालात, या गावात फुकट काम करायला कुणी टिकत नाही. मला ते पटलं होतं. मग उन्हाळ्यात रेल्वेचे साहेब आले. शेड रोज उघडी राहिली तर बघू, म्हणाले. नाहीतर दिवाळीनंतर नॅरोगेजचा डबा, हातदिवे, तिकिटावर तारीख ठोकायचं यंत्र, सगळं शहरात जाईल.

मी धुळाप्पांकडे गेले. तुम्ही जमवलेल्यांपैकी सगळ्यांत जास्त टिकले ते तेच. शेळ्यांना पाला टाकत होते.

"येतो की सूनबाई. पण गार्डसाहेबांसारखा रजेचा अर्ज मागणार का?"

"अर्ज?"

"म्हैस व्याली म्हणून उशीर झाला, तर गैरहजेरी लावली. वर म्हणले, कारण लेखी द्या. म्या काय म्हशीचा दाखला आणू?"

त्यांच्या इरम्माकाकू आतून म्हणाल्या, "तिचा अंगठा घ्यायचा व्हता."

मामा, रागावू नका. मी तिथंच ओट्यावर बसून हसले. गाडीला वेळापत्रक लागतं. फुकट येणाऱ्या माणसाला ते लावलं की तो पहिल्याच स्टेशनात उतरतो.

उपाय माझ्या माहेरीच होता. तुळजापूरला आमच्या घरी देवीच्या पूजेची पाळी येते. ती घराची असते, माणसाची नव्हे. आप्पा तापानं झोपले तर काका उभे राहतात, काका गावाला गेले तर त्यांचा मुलगा. आज कोण येणार, असं कुणी विचारत नाही. घर येणार, हे ठरलेलं असतं.

म्हणून मी स्वयंसेवक मागितलेच नाहीत. घरं मागितली. एकेका घराला एकेक वार दिला. कुणाला पाठवायचं ते घरानं बघावं. हजेरी नाही, अर्ज नाही.

सोमवार चहावाल्या माणिकप्पांच्या घराचा. मंगळवार शिंप्यांचा, त्यांच्या दोन जावा घरात एकमेकींशी बोलत नाहीत, शेडमध्ये एका बाकावर बसतात. बुधवार धुळाप्पांचा. गुरुवार, शुक्रवार गेले, रविवारही गेला. आता खालच्या आळीची माणसं मला रस्त्यात अडवतात, आमच्या घराला वार कधी म्हणून. द्यायला वार उरलेला नाही. सकाळ-दुपार अशी वाटणी करावी लागेल.

इरम्माकाकूंना बुधवारी ऐकायला हवं. शाळेच्या पोरांना डब्यात बसवतात आणि सांगतात, "म्या ह्याच गाडीतनं सासरी आले. रडून झालं, डोळे पुसून झाले, शिदोरी खाऊन झाली, तरी येडशी काय येईना!"

गेल्या बुधवारी साहेब न कळवता आले. त्याच दिवशी धुळाप्पांच्या नातवाची हळद. मला कॉलेजात फोन आला. रिक्षा करून पोचले. शेड उघडी होती. इरम्माकाकू तारखेच्या यंत्राशी बसलेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. डब्यात लग्नाचे पाहुणे दाटीवाटीनं बसून चिवडा खात होते.

"घरात कार्य आहे आणि तुम्ही इथं?" साहेबांनी विचारलं.

"वार आमचा हाय साहेब. हळद लावायला घरात पोरी लई हैत." त्यांनी साहेबांच्या हातात तिकीट ठोकून दिलं. "यंत्र जरा अडतंय. हापिसात तेल असलं तर धाडा."

तिकिटावर हळदीचं बोट उमटलं होतं. साहेबांनी ते पुसलं नाही, खिशात ठेवलं. शुक्रवारी सही-शिक्क्याचा कागद आला. डबा येडशीतच राहील. सोबत तेलाची बाटली.

शनिवारचं लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी टाळत होते. लिहिणार नाही असा शब्द दिला आहे.

शनिवार आपल्या घराचा. आजवर मी एकटीच जायची. तुमच्या थोरल्या मुलाचं तुम्हाला ठाऊक आहे. आण्णांनी आमच्यापेक्षा त्या डब्यालाच जास्त जपलं, हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही गेल्यापासून शेडकडे पाहिलंही नव्हतं.

परवा शनिवारी मला ताप होता. ह्यांना जा असं म्हटलं नव्हतं. सकाळी बघते तर हे चपला घालून दारात, हातात शेडची किल्ली.

"कुलूप राहिलं तर धुळाप्पा गावभर सांगत सुटतील," म्हणाले. "घराचा वार हाय."

दुपारी राहवेना. भाकरी बांधून घेतली आणि गेले. शेडच्या दारातच थांबले. पोरं डब्यात खिडक्यांना लोंबकळत होती. हे खाली उभे राहून हिरवी झेंडी दाखवत होते. हात तुमच्यासारखा, खांद्यापासून सरळ.

एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही गार्ड आहात?"

"न्हाय," हे म्हणाले. "माझे वडील."

मोठ्यानं म्हणाले. डब्यातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

घरी येताना मला बजावलं, आण्णांना लिहू नको. मी हो म्हटलं. आता मी लिहिते आहे आणि हे समोर बसून पेपर वाचताहेत. पान बराच वेळ उलटलेलं नाही. मघाशी उठले, पोस्टाचं तिकीट माझ्या कोपराशी ठेवलं आणि पुन्हा जाऊन बसले.

या शनिवारी या. उशीर झाला तरी चालेल. कारण लेखी मागणार नाही.

शनिवारच्या घरातून,
तुमची सून
दीपाली