आबांचं उत्तर

ब्राह्मणपुरी, मंगळवार, संध्याकाळ

पिकांचे रोग ओळखणारं ॲप बनवणाऱ्या कंपनीचं बरं आहे. केळीच्या पानांचे फोटो मोबाईलवर माझ्यासारख्या हजारो जणांना पाठवायचे, रोग ओळखायला सांगायचं. एका दिवसात स्वस्तात काम होतं. बहुतेकांचं उत्तर तेच बरोबर धरतात.

आज एका पिवळ्या पानावर माझे सासरे, आबा, चष्मा लावून वाकले. "माय, हाऊ करपा नही शे. थंडीना चटका शे." मी तेच लिहिलं. आत्ता निकाल आला: चूक. बाकी सगळ्यांनी करपा रोग लिहिलाय. त्यातल्या किती जणांनी थंडीच्या पहाटे केळीच्या बागेत पाय ठेवलाय?

"मन्हं बरोबर निंघनं ना?" आबांनी विचारलं.

"हो, आबा."

खोटं बोलले का मी? नाही. खोटं तर फोनवर लिहिलंय.

आबांनी चष्मा पुसला. "दुसरा फोटो दखाड."