घरघंटीची मंगलाष्टके

विश्रामबाग, सांगली
कार्तिक वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप सौ. विनोदिनीताईच्या चरणी,

धाकट्या मुकुलचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या तक्रारीमुळे सध्या आठांपैकी सहाच अंगे जमिनीला टेकतात, उरलेली दोन पोचली असे धरून चालावे.) आम्ही उभयता खुशाल. तुझी पाठ कशी आहे? साताऱ्यात एव्हाना थंडी पडली असेल, तेव्हा पहाटे उठून अंगण झाडण्याचा पराक्रम महिनाभर तहकूब ठेव. भावोजींच्या रक्तातली साखर थोडी उतरो आणि जिभेवर थोडी चढो, अशी आमची रोजची प्रार्थना असते. चि. भार्गवीला अनेक आशीर्वाद. मुलगी आता महिन्याभराची पाहुणी, त्यामुळे तुझ्या घरात काय गडबड असेल ते मी इथे बसूनही ऐकू शकतो.

तुझा निरोप मोबाइलवर मिळाला. ‘भार्गवीच्या लग्नात तू अक्षता टाकायच्या. मंगलाष्टकं म्हणायची नाहीत.’ प्राचीन सूत्रकारांनंतर इतके आटोपशीर गद्य माझ्या वाचनात आले नव्हते. त्यावर मी तीनदा खुलासा पाठवला; तिन्ही वेळा निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे शांतता. फोन केला तो भावोजींनी उचलला, ‘हं’ म्हणाले आणि ठेवला. म्हणून कागद-पेन घेऊन बसलो आहे. टीव्हीवर जाहिरात लागताच आवाज बंद करण्याचे जे बटण असते, त्यावर आमच्या शरच्चंद्रभावोजींचा अंगठा गेली कित्येक वर्षे समाधी लावून बसलेला आहे हे मी जाणतो. पण पत्राला तसले बटण नसते. एवढ्या एका गुणासाठी टपालखाते चिरायू होवो.

घडले ते असे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लालासाहेब नावाचे गृहस्थ ‘पीठेश्वरी’ नावाची घरघंटी बनवतात. (घरघंटी म्हणजे घरच्या कोपऱ्यात ठेवायची विजेची पिठाची गिरणी. तुमच्याकडे ती नाही, कारण भावोजींना डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभे राहून देशाचे राजकारण मार्गी लावायला आवडते.) त्यांचा पुतण्या ऋषिराज माझा शाळेतला विद्यार्थी. त्याला मी संस्कृत शिकवले आणि तो फौजेत गेला. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कोणी लावू नये. तर लालासाहेबांनी पुण्याच्या एका कंपनीकडून जाहिरात करवून घेतली होती. समुद्रकिनारा, पहाट, व्हायोलिन, एक पांढरा घोडा संथपणे धावतो आहे, त्यामागे एक तरुणी ओढणी सोडून धावते आहे, आणि शेवटी खर्जातला एक पुरुषी आवाज म्हणतो, ‘शुद्धता... स्पर्शापलीकडची.’ घरघंटी दिसते ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत. मिरजेत लोकांना ती गादीची जाहिरात वाटली, इस्लामपुरात केसांच्या तेलाची. कारखान्यात दगड बसवणारा बिराप्पा तर मालकांना विचारता झाला, ‘सायेब, घोड्याच्या चंदीचं मशीन काडलंय व्हय आपण?’

त्या दिवशी लालासाहेब माझ्या घरी आले. चहा बशीत ओतून फुंकर घालत म्हणाले, ‘आवं मास्तर, घोडं लय झ्याक हाय. पन त्ये कशापायी पळतंय ह्येच कुनाला कळंना. तुमी असं कायतरी लिवा, की मानसाला झोपंत सुदिक आठवलं पायजे.’

आता तू म्हणशील, संस्कृतच्या मास्तराला जाहिरातीतले काय कळते. ताई, मी रोज संध्याकाळी बातम्या पाहतो. त्यामुळे बातम्या थोड्या आणि जाहिराती फार, असा माझा वर्षानुवर्षांचा व्यासंग आहे. पांढरा कोट घातलेला, गळ्यात नळी अडकवलेला आणि एकही रोगी नसलेला तो डॉक्टर मला ठाऊक आहे. एका धुण्याच्या पावडरीने विरघळणारी सासू मला ठाऊक आहे. (आपल्या आईला विरघळवायला हिला पंधरा वर्षे लागली, आणि कपडे तर ही पहिल्या दिवसापासून स्वच्छच धूत होती.) बातम्या कुजबुजत चाललेल्या असताना एकदम अंगावर ओरडून येणारी ती रंगाची जाहिरात लागली की शेजारच्यांचा कुत्रा आमच्या दाराकडे तोंड करून भुंकतो, त्याला वाटते मीच ओरडलो. आणि याच्या उलट, आपल्या लहानपणी रेडिओवर लागायची ती साबणाची जाहिरात तू घड्या घालताना अजून गुणगुणतेस. नाही म्हणू नकोस, दिवाळीत मी ऐकले आहे. तो साबण गेला, त्याचा कारखाना गेला, बहुधा मालकही गेला, पण चाल काही जात नाही. माझे मत असे की चांगली जाहिरात चांगल्या पाहुण्यासारखी असते: येते, कशाला आले ते सांगते, चहा घेते आणि उठते. वाईट जाहिरात आपल्या वाईच्या मावशीसारखी. ‘येते हं’ म्हणून उंबऱ्यापर्यंत जायचे आणि खरी हकिकत तिथे उभे राहून सुरू करायची.

म्हणजे वस्तूचे नाव हवे, काम हवे आणि चाल हवी. चाल कोणती? यावर मी दोन दिवस विचार केला आणि माझ्या बुद्धीने दावा साधला. सातारा-सांगलीतल्या प्रत्येक माणसाने, मग तो उसाचा बागायतदार असो की महाबळेश्वरचा टॅक्सीवाला, एक चाल भर दुपारी, उभ्याने आणि उपाशीपोटी शेकडो वेळा ऐकलेली आहे. उपाशीपोटी ऐकलेले माणूस कधी विसरत नाही. मी मंगलाष्टकांच्या त्या शार्दूलविक्रीडितात चार ओळी बसवल्या. पहिली आणि शेवटची तेवढी देतो:

दाणे घाल वरून, पीठ मग ये खालून भांड्यामधे
...
रांगा ना, गिरणीस दूर पळणे, घंटी करो मंगलम्!

गण मोजून पाहा. एक मात्रा इकडची तिकडे नाही. (भावोजी मोजणार नाहीत. भार्गवीला सांग, तिला मीच शिकवले आहे.)

लालासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. चित्रीकरण कारखान्यातच झाले. मधोमध अंतरपाट, एका बाजूला डोक्याला फेटा बांधलेले शाळूचे पोते, हा नवरदेव, दुसऱ्या बाजूला मुंडावळ्या बांधलेली घरघंटी, ही वधू. मागे मी पीतांबर नेसून चार ओळी म्हणतो, अंतरपाट खाली येतो, बिराप्पा शाळूची ओंजळ घंटीत ओततो आणि पीठ पडते. माझे उपरणे लालासाहेबांनी नवे कोरे आणले होते. त्याला किमतीची चिठ्ठी तशीच राहिली आणि ती जाहिरातीत माझ्यापेक्षा स्पष्ट दिसते.

इथपर्यंत सारे शास्त्रशुद्ध होते. पण बोलता बोलता मी लालासाहेबांना एक न्याय सांगून बसलो. खांब रोवताना तो पुनःपुन्हा हलवून ठोकला म्हणजे घट्ट बसतो, याला आमच्याकडे स्थूणानिखननन्याय म्हणतात. सांगायची गोष्ट पुनःपुन्हा सांगावी, असे तात्पर्य. लालासाहेबांना हा न्याय फार पटला. त्यांनी केबलच्या स्थानिक वाहिनीवर माझा खांब असा ठोकला, असा ठोकला, की तो पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाने बाहेर आला असावा. मालिकेच्या आधी मी, मधे मी, नायिका जिन्यावरून पडताना मी, पडून झाल्यावर मी. पहिले काही दिवस लोकांनी कौतुक केले; मंडईत भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी वर टाकली. मग हळूहळू नजरा बदलल्या. दिवाळीपर्यंत अशी स्थिती आली, की ‘दाणे घाल’ एवढे कानावर पडताच अख्खी सांगली एकदम उठू लागली. कोणी गॅस बघायला, कोणी पाणी प्यायला, कोणी न्हाणीघरात. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या रंगूबाई तर म्हणाल्या, ‘तुमचं सुरू झालं की मी तवा ठेवते बगा.’ खोटे कशाला बोलू, मीसुद्धा उठतो.

ही सवय किती खोल गेली आहे, याची कल्पना मात्र मला मलकापुरात आली. तुळशीचे लग्न लागल्या लागल्या ऋषिराजचे लग्न निघाले. मुलगी मलकापूरचीच, पूजा. (केबलची ती वाहिनी तिकडेही दिसते.) सुट्टी फौजेची, त्यामुळे सारे घाईत. लालासाहेबांचा आग्रह, की मंगलाष्टके मास्तरांनीच म्हणायची; खरीखुरी, पारंपरिक. मी ती तशीच म्हटली, ताई. घरघंटीचा शब्दही काढला नाही. पण चाल तीच आणि गळाही तोच! पहिली ओळ उचलली आणि सारे कार्यालय उठून उभे राहिले. अक्षतांना उभे राहतातच, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. दुसऱ्या ओळीला ते चालू लागले.

कोण कुठे गेले हे मी डोळे मिटून गात असल्याने मला दिसले नाही. नंतर व्हिडिओत पाहिले. बायका पाठीमागच्या स्वयंपाकघराकडे वळल्या. म्हाताऱ्या मंडळींनी मोरीची वाट धरली. वधूपिता हात पुढे करून खुर्चीवर काहीतरी चाचपू लागला, तो रिमोट शोधत होता हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. उरलेले वऱ्हाड भोजनगृहात शिरून ताटे घेऊन रांगेत उभे राहिले, आणि मी चौथ्या ओळीच्या शेवटाला आलो तेव्हा त्या रांगेतून एकमुखाने, सुरात आणि लघु-गुरू अचूक सांभाळून उत्तर आले: ‘घंटी करो मंगलम्!’ मागोमाग अक्षता उधळल्या गेल्या. निम्म्या मठ्ठ्यात पडल्या. जागेवर राहिला तो एकटा ऋषिराज. फौजी माणूस, हुकमाशिवाय हलला नाही. अंतरपाटामागे पूजा इतकी हसली, की मुंडावळ्या तिच्या कानात अडकल्या. गुरुजी मात्र माझ्याकडे, होमात घालण्याच्या योग्यतेचा पदार्थ पाहावा तसे पाहत होते. शेवटी दोन जावयांना भोजनगृहात पाठवून वऱ्हाड परत आणवले, उरलेली मंगलाष्टके गुरुजींनी रागारागाने म्हटली आणि लग्न मुहूर्तावर लागले. जोडपे आनंदात आहे. लालासाहेब तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘मास्तर, येला म्हंत्यात जाहिरात! आमचं घोडं मेलं आसतं पळून पळून, पन येक मानूस उटला नसता.’

कोण्या दुष्टाने हा प्रसंग मोबाइलवर टिपला आणि तो साताऱ्यापर्यंत पोचला. आपल्या कुटुंबाच्या गटावर तो प्रथम पाठवणाऱ्याचे नाव मी घेत नाही. ज्यांना आवाज बंद करायचे बटण सापडते त्यांना आवाज वाढवायचेही सापडते, एवढेच म्हणतो.

असो. तू थोरली, तुझा शब्द मला प्रमाण. मामाने अंतरपाटाच्या वेळी भाचीच्या मागे उभे राहावे, अशी रीत आहे. तोंड उघडावे, असे कोणत्याही सूत्रात नाही. मी मागे उभा राहीन, तोंड मिटून अक्षता टाकीन, आणि मंगलाष्टके गुरुजी म्हणोत नाहीतर यंत्रावर लागोत, मला त्याचे यत्किंचितही वाईट वाटणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने येतो. येताना तुझ्यासाठी हळद आणि बेदाणे आणतो.

पाठीला जप. भावोजींना नमस्कार, भार्गवीला पुन्हा आशीर्वाद.

तुझा,
पन्नाशी उलटूनही मुकुलच राहिलेला
मुकुल

ता. क. — वरचा शेवटचा परिच्छेद खोटा आहे. मला वाईट वाटते आहे. वाईला घाटावर भार्गवीने बाहुलीचे लग्न मांडले होते, आठवते? मी पाचही मंगलाष्टके म्हटली होती आणि वऱ्हाड (तू आणि एक मांजर) शेवटपर्यंत बसले होते. ‘माझ्या लग्नातपण तूच म्हणायचं, मामा,’ असे तिने तेव्हा बजावले होते. आमच्या घरी अंतरपाट धरण्याचा योग नाही, हे तुला सांगायला नको; म्हणून मी तो शब्द जपून ठेवला आहे. तिच्या नावाने पाच नवी मंगलाष्टके रचली आहेत. चाल संपूर्ण वेगळी, वृत्तही वेगळे, आणि कोणत्याही वाहिनीच्या कानावर न पडलेली. आज सकाळी रंगूबाईंवर प्रयोग करून पाहिला. त्या उठल्या नाहीत. पिठाच्या हातांनी पाचही ऐकली, तव्यावरची भाकरी करपली तरी हलल्या नाहीत, आणि शेवटी पदराने डोळे टिपले. याहून मोठा पुरावा न्यायालयही मागत नाही. ताई, मला म्हणू दे.

ता. क. २ — पाकीट चिकटवायच्या आत लिहितो, कारण तुझ्यापासून काही लपवायचे नाही. रंगूबाई जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मास्तर, लय ग्वाड झालंय. पर ह्ये कंच्या मशिनचं हाय त्ये सांगा की.’

ता. क. ३ — तेव्हा एवढेच कर. कार्यालयाच्या भोजनगृहाला बाहेरून कुलूप लावून किल्ली भावोजींकडे दे. आवाज बंद करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. माझ्या भाचीच्या लग्नापुरते त्यांनी एकदा दार बंद करून दाखवावे. पाचवे मंगलाष्टक संपले की मी खूण करीन.