पोरीच्या नावाचा खलाशी

प्रिय सुक-हान,

तुझं जाड पाकीट मिळालं. कॅनडाचे अर्ज, जावईबापूंची हमी, आणि वर तुझी चिठ्ठी, की बा, वकिलासमोर शपथ घेऊन ते नाव एकदाचं पुसून टाक, नाहीतर तू माझाच बाप आहेस हे इथं कुणी मानायचं नाही. तुझ्या जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव शेक फुक-लोई आणि माझ्या खलाशी-पुस्तकावर शेक आ-नुई, म्हणजे पोरगी. तुला या नावाची लाज वाटते, ते तू शाळेत होतीस तेव्हापासून मला ठाऊक आहे.

पण ते आलं कुठून, हे आजीनं तुला कधी सांगितलं नाही. माझ्याआधीचे तिचे दोन मुलगे आमच्या राहत्या होडीवरच तान्हेपणी गेले. मी झालो तेव्हा तिनं माझ्या कानात बाळी घातली आणि अख्ख्या ॲबर्डीन बंदराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "आ-नुई!" मुलगे नेणाऱ्याला वाटावं, इथं नुसती पोरगीच आहे. पुढं पहिल्यांदा जहाजावर निघालो तेव्हा इंग्रज साहेबानं नाव विचारलं. मी मनाशी म्हटलं, समुद्रावर कागद काय फक्त माणसंच वाचतात? खरं नाव घरी ठेवलं आणि पोरीचं सांगितलं. शेजारच्या होडीवरचा लाई-शिंग पोट धरून हसला. मग जगातली सगळी बंदरं हसली. रॉटरडॅमचा शिपाई फोटोतल्या माझ्या मिशा बघायचा, नाव बघायचा आणि सोबत्यांना हाका मारायचा. खलाशांवरचा सारंग झालो तरी पोरं पाठीमागं मला 'ताई' म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आता इंग्रज गेले आणि इथला झेंडा बदललाय. लाई-शिंग तीन देशांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरतो, आणि पळायचं कुठं ते त्याला अजून ठरवता येत नाही. मला म्हणतो, तुला भीती कशी वाटत नाही? अरे, झेंडा चढवायचं न् उतरवायचं काम मी जन्मभर केलंय. ओला झाला की वाळत घालावा लागतो, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत आहे.

मुकुट छापलेलं जुनं पुस्तक आणि खऱ्या नावाचं ओळखपत्र घेऊन मी नवं करायला कचेरीत गेलो. खिडकीमागची पोरगी तुझ्याच वयाची. म्हणाली, "काका, राणी गेली, तिच्याबरोबर हे नावही जाऊ द्या. झकास फुक-लोई लिहिते."

मी म्हटलं, "बाई, हे नाव राणीनं ठेवलं नव्हतं. माझ्या आईनं ठेवलंय."

"पण लोक हसतात ना!"

"हसू देत. हसून अजून कुणी मेलं नाही."

रांगेतला एक म्हातारा ओरडला, "अगं लिही लवकर, पोरगी उजवायची राहिलीय!" सगळी कचेरी हसली, मीही हसलो. तिनं नाव होतं तसं लिहिलं.

तेव्हा तुझे अर्ज परत पाठवतोय. रागावू नकोस. तुझी आठवण रोज येते, जेवताना तर फारच येते. पण तुझ्या मागच्या खोलीत टीव्ही बघत बसण्यासाठी मी माझ्या आईला परक्या वकिलासमोर खोटं पाडणार नाही.

नकार कळवायला एवढं लिहिलं असं मात्र समजू नकोस. नवं पुस्तक हातात पडलं त्याच दिवशी मी एका जहाजावर सही केली. ते धान्य भरायला पुढच्या महिन्यात तुमच्या व्हँकूव्हरला लागतंय. नातवाला मी अजून पाहिलेलं नाही. गोदीच्या फाटकावर खलाशाला भेटायला घरचं माणूस येऊ शकतं, पण पहारेकरी यादीतलंच नाव ओळखतो. फुक-लोई म्हणून विचारलंस तर असा कुणी जहाजावर नाही म्हणेल आणि तुला परत पाठवेल. म्हणून पोराला कडेवर घे आणि शेक आ-नुईला भेटायचंय असं ठणकावून सांग. कोण लागतो, असं विचारतील. बाप, म्हणून सांग.

तुझाच,
बा