अंधारघराची चावी

अव्वा,

आठ महिने झाले, माझ्या गोष्टीतली दोन लेकरं अंधारात अडकून पडली आहेत आणि तिसरी बाहेर उभी आहे. तिनं फक्त पळायचं आहे, पण मी तिला पळू देत नाही. सप्तापूरच्या या भाड्याच्या खोलीत सकाळी चहा घेऊन बसते, आज हिला पळवायचीच म्हणून पेन उचलते, आणि लायब्ररीत कामाला जायची वेळ होईपर्यंत तिच्या फ्रॉकचा रंग, तिच्या पायाची माती असलं काहीबाही लिहीत राहते. प्रकाशकांचा फोन येतो, "मॅडम, आली का मुलं बाहेर?" मी म्हणते, येतायत. महिनाअखेरपर्यंत नाही आली तर पुस्तक रद्द, हे त्यांनी परवा अगदी गोड आवाजात सांगितलं.

तुला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे मी मुलांसाठी पुस्तकं लिहिते हे तुला ठाऊकच नाही. आत्ताचं पुस्तक माया लोकांच्या पुराणावरून सुचलंय. नाव ऐकून तू म्हणाली असतीस, "म्हंजे लई मायाळू लोक व्हय?" तसं नाही गं, ते त्यांचं नावच आहे. समुद्रापलीकडं मक्याच्या मुलखात राहतात, आजही. देवांनी माणूस मक्याच्या पिठातून घडवला असं त्यांचं पुराण सांगतं. आणि तू जन्मभर जिची देठं खुडलीस ती मिरची मुळात त्यांच्याच बाजूची, तिकडून आपल्याकडं आली. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या पुराणात दोन जुळे भाऊ पाताळात जातात. तिथले राजे त्यांना एकेका घरात कोंडतात: सुऱ्यांचं घर, थंडीचं घर, वटवाघळांचं घर. त्यातलं पहिलं अंधारघर. आत ढकलताना हातात मशाल देतात आणि बजावतात, सकाळी ही जशीच्या तशी परत करायची, तसूभरही जळलेली चालणार नाही. म्हणजे उजेड हातात आहे, पण वापरायची सोय नाही.

माझ्या गोष्टीत भावांच्या जागी बहिणी आहेत. अमरगोळच्या बाजारात मिरची निवडणाऱ्या बाईच्या जुळ्या मुली. थोरली लंगडते, धाकटीला ऐकू येत नाही. त्यांच्या सोबतीला हल्याळच्या रानातून होस्टेलात शिकायला आलेला एक सिद्दी मुलगा आहे, त्याला वाघाची भीती वाटत नाही, गणिताची वाटते. प्रकाशक म्हणाले, एखादं तरी पोर धडधाकट, पुण्याबिण्याकडचं ठेवा. मी म्हटलं, पुण्याची पोरं कधीची पाताळात जाऊन येतायत, आता आमची जाऊ देत की. असं तोंड वर करून बोलायला मी तुझ्याकडूनच शिकले. तर ही तिघं मिरचीच्या गोदामातून पाताळात उतरतात आणि अंधारघरात सापडतात. मशाल विझवून टोकाला लाल मिरच्या खोचतात, म्हणजे पहारेकऱ्याला लांबून ज्योत वाटावी. इथवर झकास जमलं. पण मिरचीचा काही उजेड पडत नाही, आणि धाकटीशी बोलायचं तर हात दिसायला हवेत. मग थोरली काळोखात तिच्या मनगटावर बोटानं लिहिते, फटीतून तूच मावतेस, जा, काजवे घेऊन ये. धाकटी फटीतून बाहेर पडते. तिथंच मी आठ महिने थांबलेय.

मनगट तुझ्यावरून घेतलं. संध्याकाळी गोदामातून आलीस की तुझ्या हातांची आग आग व्हायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पातेल्यातल्या ताकात हात बुडवून बसायचीस आणि मी जवळ आले की ओरडायचीस, "शिवू नगं, हात तिखट हाईत." लाड करायचीस ते मनगटानं, नाहीतर कोपरानं. तुझा तळहात गालाला कसा लागतो हे मला तुझ्या शेवटच्या आजारात कळलं. माया लोकांचा एक चेंडूचा खेळ आहे, त्यात चेंडूला हात लावायचा नसतो, कमरेनं टोलवायचा. ते वाचून मी लायब्ररीत एकटीच हसले. तू त्या खेळात राजांनासुद्धा हरवलं असतंस.

आता ते गोदाम. मी सातवीत आहे. शाळेला सुट्टी, म्हणून तुझ्याबरोबर आलेय. बाजार त्या दिवशी लवकर उठतो, बाकीच्या बायका पदर झटकून निघून जातात आणि तू म्हणतेस, एवढा ढीग संपवू आणि जाऊ. आपण पार मागं, पोत्यांच्या थप्पीआड. पत्र्याचं दार खडखडत खाली येतं, बाहेरून कुलूप लागतं. तू ओरडतेस, "यारर इद्दीरेन्री? बागला तगीरी!" कुणी आहे का, दार उघडा. ओरडलीस की ठसका लागतो, ठसका लागला की पुन्हा ओरडता येत नाही. शेवटी तू पोत्यांवर चढतेस, मला खांद्यावर घेतेस आणि वरच्या झरोक्यातून बाहेर सरकवतेस. "वाचमनला बलावून आण जा. पळ. माझी काळजी करू नगं, मी हाय हितंच." जसं काही तू कुठं जाणार होतीस.

वॉचमन समोरच होता, अव्वा. रस्त्यापलीकडं चहाच्या गाड्याशी, चाव्यांचा जुडगा कमरेला लावून. त्याच्या शेजारी माझ्या वर्गातली एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. बाजारात त्यांची अडत होती. त्या मुलीला मी सांगून ठेवलं होतं की माझी आई इथल्या ऑफिसात असते, टेबल-खुर्चीवर. आणि आता माझा फ्रॉक मिरचीनं लाल, डोळे लाल, नाक वाहतंय. मी एका लॉरीच्या मागं जाऊन उभी राहिले. त्यांनी चहा घेतला, मग भजी मागवली, मग परत चहा. लॉरीची सावली माझ्या पायांवरून सरकत पलीकडं गेली आणि मला ऊन लागायला लागलं. आतून तुझा आवाज येत होता. मग तो येईनासा झाला, तरी मी हलले नाही. ती मुलगी वडिलांच्या स्कूटरवर बसून वळणाआड गेली, तेव्हा मी पळाले.

दार वर गेलं तेव्हा तुझे डोळे सुजून मिटले होते. मी म्हटलं, वॉचमन सापडतच नव्हता. वॉचमननं माझ्याकडं बघितलं आणि चाव्यांचा जुडगा परत कमरेला अडकवला. तू मनगटानं माझं तोंड चाचपलंस आणि म्हणालीस, "किती पळालं असंल माझं लेकरू." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तू माझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेस. मी मागितले नव्हते. म्हणालीस, "घाल. पुढच्या बारीला लौकर पोचशील." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. हे तू कौतुकानं म्हणालीस, की वॉचमननं मधल्या दिवसांत तुला काही सांगितलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारावं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि तू तर ती हकीकत येईल-जाईल त्याला ऐकवलीस, गल्लीतल्या बायकांना, माझ्या सासरच्यांना, शेवटी दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा कन्नडमधून, माझ्या लेकीनं मला सोडवलं म्हणून. दर वेळी मी शेजारी बसून हसले. तू त्या दिवशी गोदामातून बाहेर आलीस. मी मात्र तेव्हापासून लॉरीच्या मागंच उभी आहे. म्हणून धाकटीला पळवत होते तेव्हा पेन अडत होतं. ती अशी सरळ पळालीच नसती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

आज सकाळी तिला मी पळवलं नाही. तिला एका दगडाआड बसवलं, भ्यालेली, मी थांबले होते तेवढाच वेळ, आणि मग काजव्यांची बाटली देऊन फटीतून आत पाठवलं. उजेड पडतो. थोरली हातांनी विचारते, इतका वेळ कुठं होतीस? धाकटी बाटली खाली ठेवते, कारण सांगायला दोन्ही हात लागतात. इथंच होते, ती सांगते. बाहेर. तुमच्या हाका मला ऐकू आल्या नाहीत, पण तुम्ही मारताय हे माहीत होतं. यावर थोरली काय म्हणते ते मला सुचत नाही. ते तुला विचारायला हे पत्र लिहायला घेतलं.

आता ते हस्तलिखिताच्या खाली घालून ठेवीन. ते बूट मला लहान व्हायला लागेपर्यंत मी घातले, पण पळायला एकदाही नाही. आणि धीर आला म्हणून लिहिलं, असंही समजू नकोस. तू नाहीस म्हणून लिहिलं. तू असतीस, तर वॉचमन मला आजही सापडला नसता.