लेकीचा कलप

४ जून

चि. चिमणीस पोटभर आशीर्वाद.

तुझ्या कंपनीचा काळा कलप संपत आला, आणखी सहा डबे पाठव. दुकानात येईल त्याला छाती फुगवून सांगतो, हा माझ्या लेकीने बनवलाय. सहा वर्षांत दुसरा कलप उंबऱ्याच्या आत येऊ दिलेला नाही. बाकी ठीक. फक्त बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्यात, कात्री धरली की जीव जातो. साबणाने असेल. एवढी रसायनं शिकलीस, एखादं मलम सुचव की!

लोभ आहेच, पत्रं तेवढी वाढव.

तुझे बाबा

११ जून

ती. बाबांना सा. न.

तुमची त्वचा मुळातली कोरडी. मी आईवर गेले, माझं नाक सदा तेलकट. कोरड्या त्वचेत तेल कमी, वर दिवसभर साबणपाणी, मग ओल टिकणार कशी? सोबत ग्लिसरीनचं क्रीम धाडलंय, ते पाणी धरून ठेवतं. हात ओलसर असतानाच चोळा. कंटाळा केलात तर बघा हं! कलपाचे डबेही त्यातच आहेत.

लोभ असावा, हातांवरही.

तुमची चिमणी

२५ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

क्रीम नेमाने लावतोय. नळ फुटला म्हणून चार दिवस दुकान बंद होतं, तेव्हा हात बरे वाटले. उघडलं, तिघांना कलप लावला आणि संध्याकाळी बोटं टम्म सुजली. क्रीम मानवत नसेल का? चिमणे, मला भीती वाटते गं. कात्री सुटली तर करू काय? दुसरं काही येतच नाही मला.

तुझे बाबा

२ जुलै

ती. बाबांना सा. न.

आधी कलप बंद करा. चूक माझी. त्वचेचा प्रकार बघत बसले, कलपाकडे बघितलंच नाही. काळा रंग चढवणारं रसायन काहींना वर्षानुवर्षं सोसतं, मग एक दिवस अंग त्याच्याशी वैर धरतं. ते बहुधा जन्मभर सुटत नाही. पातळ हातमोज्यांतूनही ते रसायन झिरपतं, आणि दुसऱ्यांच्या काळ्या कलपातही बहुतेक तेच असतं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, डब्यावर सूचना आहे की! आहे, बाबा. मीच लिहिलीय. नोकरी सोडावीशी वाटते.

तुमची चिमणी

९ जुलै

चि. चिमणीस आशीर्वाद.

मी सांगतोय आणि शेजारचा शिंपी लिहितोय, मधेमधे स्वतःचंही घुसडतोय. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मिशीला कलप लावला होता. पांढऱ्या मिशीच्या माणसाकडून कोण कलप लावून घेणार? तोंड सुजलंय, डोळे उघडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोळे उघडतील, पण पुन्हा कलपाला हात लावायचा नाही. अर्धं दुकान त्याच्यावर चालतं. कडी लावून आत बसलोय. गिऱ्हाईक दार वाजवतं, थोडं थांबतं, निघून जातं.

नोकरी सोडू नकोस. घरात एकाचं तरी चालू राहू दे.

शिंप्याने भिंग लावून तुझी सूचना वाचून दाखवली. आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस थांबा, असं लिहिलंयस. मी ती पुन्हा वाचायला लावली. सगळं बरोबर लिहिलंयस, शहाणी माझी! अक्षर तेवढं मोठं काढायचं होतंस, पोरी.

तुझे बाबा