मुंढ्यापासून मनगटापर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.
मदिहा सांगलीहून घरी आली. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाले, अ‍ॅनाटॉमीचं प्रॅक्टिकल तेवढं राहिलं. परीक्षेत जिवंत माणसाच्या हातावर आर्टरीची रेघ काढायला सांगितली होती. तिची रेघ दोन बोटं चुकली. आता २७ तारखेला फेरपरीक्षा. या वेळी राहिली तर वर्ष गेलं.
माझी मुलगी आणि हातावर अडकली! कडेगावात एकतीस वर्षं शिंप्याच्या दुकानात मी हातांचीच मापं घेतोय. मुंढा, म्हणजे खांद्याला बाही जोडायची जागा, कुठे सुरू होतो, बाही कुठे संपते, हे मला झोपेतून उठवून विचारा.
ठराव: रोज दुपारी दोन ते चार दुकान बंद. मी शिकवणार. चोवीस दिवस हातात आहेत. मला आठ पुरतील.

५ नोव्हेंबर, बुधवार.
तिचं पुस्तक घेऊन बसलो. इंग्रजी आहे, पण चित्रं आहेत. मदिहाने अर्थ सांगितला. (नीट सांगता येत नाही तिला. म्हणूनच अडकली.)
आर्टरी ही अत्यंत बेभरवशाची गोष्ट आहे. काखेत असते तेव्हा नाव अ‍ॅक्झिलरी. काख ओलांडली की ब्रेकियल. कोपराच्या पुढे दोन फाटे, एक रेडियल, एक अल्नर. नळी तीच, रक्त तेच! आमचा दोरा मुंढ्यापासून मनगटापर्यंत जातो, वाटेत नाव बदलत नाही. शेजारी एक नर्व्ह चालते, तीही दंडाच्या मध्यावर आर्टरीला ओलांडून दुसऱ्या बाजूला जाते. इतकी वर्षं शेजार, आणि ही वागणूक.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
पुस्तकातला घोटाळा सापडला. चित्रातला माणूस हात खाली सोडून, तळवे समोर करून उभा आहे. असं कोण उभं राहतं? बाहीचं माप घेताना गिऱ्हाईक कोपर थोडं वाकवतं आणि मी खांद्याच्या हाडापासून कोपरावरून मनगटापर्यंत टेप टाकतो. बाहेरच्या अंगाने. खांदा ते मनगट, रस्ता तोच.
खडूने माझ्या हातावर तशी रेघ काढून दाखवली. मदिहा म्हणाली, "अब्बा, हात सुलटा करा." मी म्हणालो, हा सुलटाच आहे. मग तिने पुस्तक मिटलं. पटलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार.
शेजारचा कापडवाला धनपाल चहाला आला. माझ्या हातावरची रेघ बघून म्हणाला, "मास्तर, रक्त काढत्यात तवा हात उताणा करून आतल्या अंगालाच सुई घालत्यात की रं गड्या."
मी त्याला समजावलं की ती व्हेन, ही आर्टरी. खात्याचा फरक आहे. धनपालला मीटरपलीकडे काही कळत नाही. तरी वाईट वाटलं. वीस वर्षांची मैत्री, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर अशी शंका काढायची?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
लग्नसराई. संयोगिता मॅडम दुकानात येऊन ओरडून गेल्या. त्यांच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी मुलीच्या शिक्षणासाठी झिजतोय, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ब्लाउज उसवायला घेतला.
मदिहाने रेडियलची नाडी बघायला माझं मनगट धरलं. सापडली. दंडातली ब्रेकियल मात्र मी सांगितलेल्या जागी दाबून तिला लागेना. मी स्वतः दाबली. मलाही लागेना. म्हणजे माझी आर्टरी खोल आहे. पुस्तकात असे वेगळे हात असतात असं लिहिलंय. मी दुर्मिळ निघालो. अख्तरबीला सांगितलं. ती म्हणाली, "आवं, त्या पोरीला जरा तिचं तिचं वाचू द्या."
बायकोचा पाठिंबा हा असा.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
मोठी बातमी. परीक्षेला आपलं माणूस न्यायचं असतं. त्याला मॉडेल म्हणतात. त्याच्या हातावर रेघ काढायची. मदिहा हे जेवताना आईला सांगत होती. कोणाला नेणार ते बोलली नाही. बोलायचं काय त्यात?
पांढरा सदरा शिवायला घेतला. बाह्या ढिल्या ठेवल्या, दंडापर्यंत सहज वर जातील अशा.
आज अख्तरबीच्या दंडावर आतून निळी शाई दिसली. विचारलं तर म्हणाली, पेन फुटलं. ती पेन कशाला हातात घेते कोण जाणे.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
शिकवणी थोडी मंदावली. मदिहा म्हणते, "तुमी दुकान बघा, मी अम्मीसंगं सैपाकघरात वाचते." तिथे आवाज कमी असतो म्हणे. मिक्सर, कुकर, भांडी, आणि आवाज कमी!
असू दे. माझं काम जवळजवळ झालंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी.
उद्या ऐन वेळी पोरगी घाबरली तर? खडू पुसला जाईल. पेनची खूण परीक्षक ओळखतील. दुकानात बांगड्या-टिकल्यांचं मॅचिंग ठेवतो, त्या कपाटातला मेंदीचा कोन काढला आणि उजव्या हातावर सात ठिपके दिले. मुंढ्यापासून कोपरापर्यंत, बाहेरच्या अंगाने, टेप लावून. परक्याला तीळ वाटतील. ही कॉपी नव्हे. शिंपी कापडावर खूण करतो, तेवढंच. मदिहाला एसटीत सांगेन.
रंग छान चढला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.२०. कॉलेजच्या आवारात, लिंबाखाली.
अख्तरबीही सोबत आली. मला म्हणाली होती की सांगलीत चादरी बघायच्या आहेत. एसटीत मायलेकी एका सीटवर बसल्या, मी मागे कंडक्टरजवळ. ठिपक्यांचं सांगायचं राहिलं.
गेटजवळ मी बाही वर करायला लागलो. मदिहा खाली बघत म्हणाली, "अब्बा, तुमी हितंच थांबा. अम्मी येतीया आत."
अख्तरबीने दोन्ही पिशव्या माझ्या हातात दिल्या. "आवं, एवढ्या सांभाळा."
आणि गेल्या. निळी शाई. पेन फुटलं नव्हतं. निदान आठ दिवस माझ्या घरात, माझ्या भिंतीपलीकडे, दुसऱ्या हातावर अभ्यास चालला होता.
एका पिशवीत डबा आहे. भूक नाही.

त्याच दिवशी. १२.४५.
डबा खाल्ला. अजून बाहेर आल्या नाहीत. लिंबाखाली आणखी एक बाप आहे, वडूजचा. त्यालाही आत घेतलं नाही. पण तो हात घेऊन आला नव्हता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
घरात कोणाशी बोललो नाही. फार लागलंय मनाला. नापास झाली तर मी एक शब्द बोलणार नाही. फक्त ठिपके दाखवीन.
(असं लिहायला नको होतं. या अल्ला, पास होऊ दे.)
ठिपके साबणाने जात नाहीत. गिऱ्हाईक विचारतात, मास्तर, घरात लग्न आहे का?

५ डिसेंबर, शुक्रवार.
पास! धनपालच्या मोबाइलवर निकाल बघितला. मी दुकानात रडलो, धनपालसमोर. त्याने पेढे आणले. मी सर्वांना सांगितलं की चोवीस दिवस मेहनत घेतली. कोणी घेतली ते सांगितलं नाही.
घरी गेल्यावर मदिहाला विचारलं, मला का नेलं नाहीस?  म्हणाली, "तुमी तिथं परीक्षकांना शिकवाय लागला असता, अब्बा. मला लय भ्या वाटलं."


७ डिसेंबर, रविवार. सकाळी.
मदिहाने मैत्रिणीकडून बीपीचं यंत्र आणलंय. आधी आईचं बघितलं. मग माझ्याकडे आली. मी म्हणालो, माझी आर्टरी खोल आहे, तुला मिळायची नाही.
तिने माझा हात उशीवर ठेवला. तळवा वर केला. चित्रातल्यासारखा. ठिपके आता पुसट झालेत, तिला दिसले. तिने एकेक मोजला, सातही.  मग अंगठ्याने कोपराच्या खळगीतली स्नायूची जाड दोरी चाचपली, आणि तिच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली. ठिपक्यांपासून चांगली चार बोटं आत.
म्हणाली, "हितं बघा." माझी बोटं धरून तिथे टेकवली.
ठक, ठक, ठक. अजिबात खोल नव्हती. मला वाटतं, एकतीस वर्षं तिथेच असणार.
मग पट्टा फुगवला, कानाला नळ्या लावल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिली. वरचा आकडा एकशे बावन्न. लोणचं बंद, पापड बंद, सोमवारी डॉक्टरकडे.
माझीच आर्टरी. मला कधी एक शब्द बोलली नाही. तिला सगळं सांगून बसली.