आमच्या दारातला लारसोबा

कॅसलरॉक, स्टेशनामागे

ती. सौ. सुमंगला अक्काच्या पायांशी,

धाकट्या गुरुदासचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानेच घातला आहे, तू आडवा धरून घे.) भावोजींची नवी कवळी बसली का? मागच्या वेळी ते फोनवर बोलले त्यातलं मला फक्त 'चकली' एवढं कळलं, आणि तेही बहुतेक मी माझ्या मनाचं घातलं. तुझी शुगर आणि तुमच्या गल्लीतलं ते कुत्रं, दोघांनाही आवरून ठेव. इकडे भात पिवळं पडायला लागलंय, गाड्या वेळेवर नाहीत, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

परवा फोनवर तू रागावून विचारलंस, की दारात देऊळ बांधून बसलायस म्हणे, आणि देव कुठला तर अमेरिकेचा? एवढ्यात रेंज गेली. (मी फोन कापला नाही. कॅसलरॉकची रेंज मालगाडीबरोबर येते आणि मालगाडीबरोबरच निघून जाते.) असल्या गोष्टीचा खुलासा तुटक तुटक करता येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. देऊळ मी बांधलेलं नाही. ते झालं. कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो. मधे उठू नकोस, भावोजींना म्हणावं आजचा चहा तुम्हीच करून घ्या.

पार्वती गेल्यावर निखिल अमेरिकेतून दर रविवारी फोन करायचा, एकमेकांचं तोंड दिसणारा. पण माझं आणि त्याचं बोलणं जन्मभर पार्वतीमार्फत चाललेलं. मी म्हणायचं 'त्याला सांग', त्याने म्हणायचं 'बाबांना विचार', आणि तिने दोन्हीकडचं गोड करून पोचवायचं. मधली बाई गेली आणि आम्ही दोघे डब्यात समोरासमोर बसलेल्या परक्या प्रवाशांसारखे झालो. जेवलात? जेवलो, तू? आत्ताच. संपलं. मग मी पंख्याकडे बघायचो, तो घड्याळाकडे. एकदा त्याच्या मागच्या फळीवर चिनी मातीचं एक डुक्कर दिसलं, डोक्यावर टोपी घातलेलं. बोलायला काही नव्हतं म्हणून विचारलं, हे रे काय? आणि अक्का, पोरगं जे बोलत सुटलं ते थांबेचना. ते म्हणे बिस्किटं ठेवायचं जुनं भांडं. तिकडे लोक शनिवारी घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात, हा लवकर उठून तिथे जातो, डुक्कर उलटं करून पोटाखालचा शिक्का बघतो, शिक्का असला तर माल अस्सल. इतका वेळ तो माझ्याशी दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा बोलला नव्हता. (त्या दिवशी बोलण्यासारखं फारसं नव्हतंही.) तेव्हाच मी ठरवलं, की आपणही अमेरिकेच्या जुन्या वस्तू जमवायच्या.

तू म्हणशील, कॅसलरॉकला अमेरिकेची जुनी वस्तू मिळते कुठे? गोव्यात मिळते. म्हापशाच्या पुढे एक दुकानदार आहे, तो तिकडचं जुनाट सामान कंटेनर भरून मागवतो आणि हॉटेलवाल्यांना भिंतीवर टांगायला विकतो. कुळगीकडे जंगल बघायला येणाऱ्यांसाठी नवी हॉटेलं झाली आहेत ना, त्यांच्या भिंती अशाच सामानाने भरल्यात. तो मला फोनवर फोटो पाठवायचा आणि माल गाडीने यायचा. सगळी नोकरी मी या स्टेशनात पार्सल क्लार्क म्हणून दुसऱ्यांची पार्सलं उतरवण्यात घालवली. आता माझ्या नावाची यायला लागली, तर सही जरा मोठीच करायचो.

आधी टोस्टर आला. जुन्या मोटारीसारखा चकचकीत. अमेरिकेतली वीज आपल्या निम्म्या दाबाची असते हे मला ठाऊक नव्हतं. बटण दाबलं तसा ब्रेडचा कोळसा झाला, टोस्टरमधून धूर आला आणि आळीभर अंधार पडला. लाईनमन मला जे बोलला ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. पण निखिलला सांगितलं तेव्हा तो इतका हसला, की सूनबाई प्रियांका स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आली. तेवढ्यासाठी मी आणखी एक टोस्टर जाळला असता. मग नेब्रास्का नावाच्या राज्याची गाडीची नंबरप्लेट आली, ती गोठ्याच्या दारावर ठोकली आहे. (गाय आता परराज्यातली झाली, तरी दूध वाढलेलं नाही.) मग झुलती खुर्ची आली. ती वाऱ्याने आपली आपण झुलते. बघत बसलो की कुणीतरी आत्ताच उठून आत गेलंय असं वाटायचं, म्हणून तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं. प्रत्येक वस्तू आली की निखिल म्हणायचा, बाबा, उलटी करा, खाली बघा. मी खुर्ची कलती करून तिच्याखाली डोकं घालायचो आणि तिथूनच त्याच्याशी बोलायचो. ते रविवार फार चांगले गेले.

शेवटी ही पत्रपेटी आली. तिकडे खेड्यात पोस्टमन दारापर्यंत येत नाही. रस्त्याकडेला खांबावर पत्र्याची पेटी असते, वरून अर्धगोल, पुढे झाकण आणि बाजूला पत्र्याचं लाल निशाण. आपल्याला पत्र पाठवायचं असलं की ते आत ठेवायचं आणि निशाण उभं करायचं, मग जाता जाता पोस्टमन थांबतो. आमची पेटी आयोवा म्हणून राज्य आहे तिथल्या कुणा शेतकऱ्याची. बाजूला इंग्रजीत त्याचं आडनाव रंगवलंय, लार्सन. फाटकाशी खांब रोवला, पेटी बसवली आणि फोन तिच्याकडे वळवून निखिलला दाखवली. तो म्हणाला, छान आहे. मग म्हणाला, बाबा, मी माझं सगळं विकून टाकलं, नवं घर लहान आहे, धूळ बसते, आता त्यात मन नाही राहिलं. मी विचारलं, डुक्करसुद्धा? तो म्हणाला, डुक्करसुद्धा. त्यानंतर आम्ही पुन्हा जेवलात-जेवलोवर आलो. रविवारचे फोन विरळ झाले. आता सणावारी येतो, आणि दोघेही घाईने सगळं ठीक आहे म्हणून टाकतो.

पेटी मात्र राहिली. आता यापुढचं सगळं मी शहाणपणानेच केलं, हे ध्यानात घे. आमच्या नेब्रास्काच्या गायीने अंग घासून खांब पाडला, म्हणून ऐनाच्या झाडाखाली दगडाचा चौथरा केला आणि पेटी त्यावर पक्की बसवली. घरात चुना उरला होता, तो चौथऱ्याला फासला. पेटीचा खालचा पत्रा गंजत होता, त्याला रेड ऑक्साइड मारलं. (लोखंडाला रंगाआधी देतात तो तांबडा हात.) वरचा पत्रा पावसात खराब होऊ नये म्हणून खोबरेल चोळलं. एकेक काम चोख होतं. रस्त्यावर उभं राहून सगळं एकत्र तेवढं बघितलं नाही. झाडाखाली पांढरा चौथरा, त्यावर तेलाने चमकणारं, शेंदरी अंगाचं, वरून गोल असं काहीतरी, पुढे दार आणि बाजूला लाल निशाण. अक्का, तू येत असतीस तर तूसुद्धा चप्पल काढली असतीस.

पहिलं फूल बायजाने वाहिलं. बायजा म्हणजे वरच्या वाडीतली कुणब्यांची म्हातारी, बाजाराच्या दिवशी कंदांची टोपली डोक्यावर घेऊन स्टेशनाकडे उतरते. एकदा अबोलीची वेणी दिसली, पुढच्या बाजाराला केळी दिसली, मग मी तिला गाठलंच. म्हटलं, बायजाबाई, हा देव नव्हे, अमेरिकेतली पत्रं टाकायची पेटी आहे. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तिकडचा हाय व्हय? मग लांबचं दिसत आसंल त्येला," ती म्हणाली. "आमचा राखणदार बेस हाय, पर त्येची हद्द घाटापत्तोर. माझा नातू वासू गोव्याच्या बोटीवर गेलाय, लई दिस झालं, आवाज न्हाई. ह्येलाच सांगते."

आणि तिने सांगितलं. झाकण उघडून, आत तोंड घालून, स्टेशनापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. (तिला स्वतःला कमी ऐकू येतं, देवाचंही तसंच असेल अशी तिची समजूत.) पुढच्याच बाजाराला नारळ घेऊन आली. वासूचा फोन आला होता. त्याचा जुना फोन पाण्यात पडला होता, आता त्याने नवा घेतला, एवढंच घडलंय, हे मी तिला नीट समजावून दिलं. तर म्हणाली, "नवा घ्यायची बुद्धी कुणी दिली त्येला?" मी नारळ फोडून दिला.

मग माणसं यायला लागली. ज्यांचं कुणी लांब गेलंय ती सगळी. बंगळूर, पुणे, दुबई, बोटी. या तालुक्यात अशा माणसांना काय तोटा? सुप्याच्या धरणात गावं बुडाली तेव्हा लोकांनी आपापले देव उचलून आणले आणि जिथे जागा मिळाली तिथे मांडले, त्यामुळे नव्या ठिकाणी दिसलेल्या देवाकडे इथे कुणी संशयाने बघत नाही. कुणीतरी पेटीवरचं नाव वाचलं, बायजाने लगेच त्याचा लारसोबा केला. मी सुरुवातीला येईल त्याला खरं सांगत होतो. मराठीत सांगितलं, कन्नडमध्ये सांगितलं. लोक मान डोलवून ऐकून घ्यायचे आणि उदबत्ती लावायचे. आमचा पोस्टमन महाबळेश्वर तरी शिकलेला, त्याला म्हटलं, बाबा, माझी पत्रं या पेटीत टाकत जा, म्हणजे लोकांना कळेल. त्याने कानाला हात लावले. "देवाच्या पोटात लाईट बिल घालू व्हय, अण्णा?" तो आता पेटीला नमस्कार करतो आणि बिल खिडकीतून आत सरकवतो. म्हणजे माझ्या घरात जिथे टपाल पडत नाही अशी एकच जागा आहे, ती पत्रपेटी.

मग मी सांगणं सोडलं. का सोडलं ते तुला लिहितो, दुसऱ्या कुणाला कळवू नकोस. पाया पडून झालं की माणसं माझ्या ओसरीवर टेकतात. पाणी मागतात, मी चहा टाकतो. त्यांची पोरं कुठल्या खोलीत राहतात, काय खातात, मुकादम कसा आहे, सगळं सांगत बसतात. पार्वती गेल्यापासून या घरात एकच कप विसळायचा असायचा. परवा रामनगरहून अर्धा डझन आणले. झुलती खुर्ची मी पुन्हा फिरवून ठेवली आहे, तिच्यावर बसायला बायकांमध्ये भांडणं होतात. ही माणसं माझ्यासाठी येत नाहीत हे मला समजतं. पण येतात.

आता मागच्या अमावास्येचं सांगतो, तेच तुझ्या कानावर गेलं असणार. सगळ्यांनी मिळून मला गाऱ्हाणं घालायला उभं केलं. (सगळ्यांच्या वतीने एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे तुमच्या बेळगावच्या भावोजींसाठी लिहिलं, तू मूळची इथलीच आहेस.) मला गाऱ्हाणं कुठलं येतंय? मला पार्सलचे नियम येतात, तेच म्हटले. हे लारसोबा, माल नाजूक आहे. उलटा ठेवू नकोस. ओला होऊ देऊ नकोस. एकाला दुसऱ्याच्या गाडीत चढवू नकोस. ज्याचा त्याला सुखरूप पोचव. 'व्हय म्हाराजा', अख्खं अंगण म्हणालं. मग एकेकाने आपापलं नाव दिलं. बोटीवरचा वासू, बंगळूरच्या इस्पितळातली वैष्णवी, दुबईचा योगेश. मी एकेक नाव पुढे करत गेलो. सगळं झाल्यावर बायजा म्हणाली, "अण्णा, तुमचा निखिल ऱ्हायला की." एवढ्या लोकांसमोर काय सांगू, की त्याला काही झालेलं नाही, तो सुखात आहे, फक्त त्याच्याकडे माझ्याशी बोलायला काही नाही? मी म्हटलं, त्याचं उत्तम चाललंय, देवाला उगाच कशाला त्रास. त्यावरही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले आणि नारळ फुटला.

त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, अक्का. पार्वती गेली त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं, तेव्हा रडायला तू होतीस. अंगण माणसांनी भरलेलं आणि मी तिथे उभा राहून प्रसाद वाटत होतो.

असा हा सगळा खुलासा आहे. मी देऊळ बांधलेलं नाही, कुणाला फसवलेलं नाही आणि माझं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. भावोजींना नमस्कार, नातवंडांना माझ्यातर्फे एकेक पापा. पत्र पोचल्याचं कळव, शक्य तर पत्रानेच.

तुझा धाकटा,
गुरुदास

ता. क. देऊळ नाही म्हटलं ते खरंच आहे. तरी बेळगावच्या बाजारात एखादी पितळी घंटा बघून ठेव, फार मोठी नको. लोक आवाज करायला झाकणच आपटतात आणि बिजागरी जुनी आहे, तशी इकडे मिळायची नाही.

आणखी ता. क. घर बंद करून बेळगावला ये म्हणतेस, त्याचा विचार केला. पण अमावास्या जवळ आली आहे आणि मला रजा कोण देणार? तुझ्याकडे आलो तर तू, भावोजी आणि ते कुत्रं मिळून माझी काळजी घ्याल हे मला माहीत आहे. रोज एवढी काळजी झाली तर नातं तुटेल.

शेवटचं ता. क., हे भावोजींना वाचून दाखवू नकोस. निखिल तुझा फोन उचलतो, आत्याला तो अजून घाबरतो. त्याला एक फोन कर. मी सांगितलं असं म्हणू नकोस. म्हण, तुझा बाप बिघडलाय, पत्र्याच्या डब्याला तेल लावून त्याच्यापुढे गाऱ्हाणी घालतोय, गावभर झालंय, तुमच्यापैकी कुणीतरी येऊन बघायला पाहिजे. यात खोटं असं काही नाही. तिकडे या गोष्टी फार मनावर घेतात म्हणे. तो विचारील, "आत्या, पण तसे बरे आहेत ना ते?" तेव्हा लगेच हो म्हणून मोकळी होऊ नकोस. थोडा वेळ गप्प राहा. तेवढ्या गप्प राहण्यावर तो तिकीट काढील.